एकसारख्या घरांचे वाङ्मय

यंत्रातून निघालेल्या घराविषयी साहित्यिकांचे मत कधीच चांगले नव्हते. कारखान्यात भिंती ओतायच्या, ट्रकवरून आणायच्या, यारीने उचलून एकमेकींना जोडायच्या आणि मधल्या पोकळीला घर म्हणायचे, ही कल्पनाच आपल्याला नीरस वाटते. घर म्हटले की आपल्याला ओसरी हवी, माजघर हवे, पडवीत टांगलेला झोपाळा हवा. आणि यांतले काहीच नसेल तर निदान चाळीचा कठडा तरी हवा. साच्यातून काढलेल्या घरात साच्यातून काढलेली माणसेच राहणार, असे एक समीकरण आपण मनाशी बांधून ठेवले आहे. ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

ते तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. त्यासाठी ज्या देशांत अशी घरे लाखांनी उभी राहिली, तेथल्याच तीन कलाकृती मी घेतल्या आहेत: एक संगीतिका आणि दोन चित्रपट. मला रशियन येत नाही, चेकही येत नाही. जे कळले ते इंग्रजी भाषांतराच्या आधारे कळले. परंतु मला बोलायचे आहे ते शब्दकळेविषयी नसून कथावस्तूविषयी आहे. त्यामुळे हे उणे फारसे आड येणार नाही, असे वाटते.

आधी या घरांचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. युद्धाने रशियाची कितीतरी शहरे जमीनदोस्त केली होती, आणि जी उरली होती त्यांत खेड्यांतून माणसांचा लोंढा येऊन दाटला होता. मॉस्कोत एखाद्या जुन्या ऐसपैस घराच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब राही. स्वयंपाकघर, मोरी, संडास मात्र सर्वांत मिळून एक. या पद्धतीला 'कोमुनाल्का' म्हणत. डिसेंबर १९५४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी बांधकाम करणाऱ्यांच्या परिषदेत खांब, कळस, नक्षी या साऱ्या उधळपट्टीवर कोरडे ओढले. १९५५ साली तसे फर्मान निघाले, आणि ३१ जुलै १९५७ च्या ठरावाने दहा-बारा वर्षांत घरटंचाई संपवण्याचा संकल्प सोडला. युद्धानंतर फ्रान्समध्ये रेमाँ काम्यू याने काँक्रीटच्या तयार भिंतींची जी पद्धत रूढ केली, तिच्याच वाटेने रशियन लोक निघाले. विताली लागुतेंको याच्या हाताखाली 'के-७' नावाचा पाच मजली नमुना तयार झाला. पाचच मजले, कारण त्यापलीकडे लिफ्ट लागते. छत अडीच मीटरांवर, स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरांचे, न्हाणी आणि संडास एकत्र. सांगाडा पंधरवड्यात उभा राही आणि आतले काम आणखी महिन्याभरात उरके. थोड्याच वर्षांत कोट्यवधी माणसे अशा घरांत राहायला गेली. लोकांनी 'ख्रुश्चेव्ह' आणि झोपडपट्टी या अर्थाचा रशियन शब्द यांचा संकर करून या घरांना 'ख्रुश्चोबा' असे टोपणनावही दिले. टोपणनाव देणारे बहुधा स्वतः त्याच घरात राहत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मॉस्कोच्या नैर्ऋत्येला नोव्हिये चेर्योमुश्की ही या घरांची प्रयोगभूमी. तिच्यावरच शोस्ताकोविच याने 'मॉस्को, चेर्योमुश्की' ही संगीतिका रचली आणि जानेवारी १९५९ मध्ये ती मॉस्कोच्या रंगभूमीवर आली. मास आणि चेर्विन्स्की या जोडीने तिची संहिता लिहिली होती. साशा आणि माशा यांचे लग्न झाले आहे. परंतु जागा नाही, म्हणून नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. लिदोच्का आणि तिचा म्हातारा बाप ज्या जुन्या घरात राहतात ते कोसळते. या सर्वांना चेर्योमुश्कीत घरे मिळाली आहेत. मिळत नाही ती किल्ली. व्यवस्थापक बाराबाश्किन किल्ल्या दाबून बसला आहे. द्रेबेदन्योव्ह नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याला आपल्या तरुण बायकोसाठी शेजारचे घर फोडून एकाचे दोन करायचे आहेत. अखेर लिदोच्का आणि तिचा बाप यारीला लटकून खिडकीतून आपल्या घरात शिरतात!

खुद्द शोस्ताकोविचला या कृतीची लाज वाटत होती. डिसेंबर १९५८ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे स्पष्टच म्हटले आहे. एवढ्या मोठ्या संगीतकाराच्या आत्मपरीक्षणाला विरोध करण्याचे धाडस मी करीत नाही. कथानक बाळबोध आहे, पात्रे कागदी आहेत, हे उघड आहे. तरीही या संगीतिकेत एक अस्सल गोष्ट आहे, ती म्हणजे तिचा आनंद. नवे जोडपे रिकाम्या घरातून नाचत फिरते आणि ही आपली खिडकी, हे आपले दालन, असे म्हणत सुटते. ती खिडकी शेजारच्या हजार खिडक्यांसारखीच आहे, हे त्यांच्या गावीही नाही. आणि का असावे? ज्याला दारच नाही, त्याला आपले दार दुसऱ्याच्या दारासारखे आहे याचे दुःख होत नाही. ते दुःख ज्यांच्याकडे दार आहे त्यांचे!

यारीला लटकून घरात शिरण्याचा तो प्रवेश मला म्हणूनच केवळ विनोदी वाटत नाही. ज्या यंत्राने भिंती बसवल्या तेच यंत्र माणसांनाही आत नेऊन सोडते. आड येतो तो किल्ली दाबून बसलेला माणूस. संगीतिकेला याच्यापुढे मात्र जाता आलेले नाही. शेवटी एक जादूची बाग येते, तिथल्या बाकावर बसले की खरेच बोलावे लागते, आणि अधिकाऱ्यांची लबाडी उघडी पडते. म्हणजे भिंत बनवण्याचा कारखाना सापडला, पण न्यायाने किल्ली वाटण्याचा काही सापडला नाही. त्यासाठी जादूच आणावी लागली. लेखकांनी हे जाणून केले की नाही, हे मला सांगता येणार नाही. परंतु या बाळबोध कृतीतले सर्वांत खरे वाक्य कुणाच्या तोंडी नाही. ते या जादूच्या बागेत आहे.

योगायोग असा, की मॉस्कोत या संगीतिकेची जुळवाजुळव चालू होती त्याच १९५८ साली मराठीत 'बटाट्याची चाळ' प्रसिद्ध झाली. तिच्या विनोदाविषयी नव्याने काही सांगण्याची गरज नाही. तिच्या अखेरच्या चिंतनात मात्र विनोदाचा सूर उतरतो, आणि चाळ संपत चालली याची हुरहूर उरते. तीच हुरहूर पुढे आपल्या वाङ्मयात इतकी पसरली, की आजही 'ब्लॉक' म्हटले की बंद दार आणि कोरडे मन, चाळ म्हटली की उघडे दार आणि मोकळे मन, हा हिशेब आपण डोळे मिटून मांडतो. एका शहरातले लोक सामाईक स्वयंपाकघरातून सुटलो म्हणून गात होते, त्याच सुमारास दुसऱ्या शहरातले लेखक सामाईक गॅलरी सुटणार म्हणून हळहळत होते. दोघेही खोटे नव्हते. परंतु चाळीची ही हळहळ गॅलरीत उभे राहून लिहिली गेली आहे. ती नळावर उभे राहून लिहिली असती तर तिचा सूर वेगळा लागला असता. पहाटे पाण्याच्या रांगेत उभी राहणारी, संडासाच्या रांगेत मान खाली घालणारी, तीन पिढ्या झोपलेल्या खोलीत नवऱ्याशी कुजबुजत बोलणारी जी बाई, तिला बंद होणाऱ्या दाराविषयी काय वाटत होते, हे आपल्या वाङ्मयाने फारसे विचारले नाही. १९७० च्या 'मुंबईचा जावई' या चित्रपटाने ते हसत हसत विचारले. माशा आणि साशा यांची अडचण आणि त्यातल्या नवविवाहितांची अडचण एकच आहे. साहित्यापेक्षा सिनेमाला ते आधी सुचले, ही गोष्ट आपल्याला फारशी भूषणावह नाही.

दुसरी कलाकृती या प्रश्नाला थेट भिडते. एल्दार रियाझानोव्ह याचा 'दैवाचा विनोद' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट १ जानेवारी १९७६ रोजी सोव्हिएत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, आणि तेव्हापासून तेथे नव्या वर्षाच्या सुमारास तो पाहणे हा जवळजवळ कुळाचार होऊन बसला आहे. आरंभी एक व्यंगचित्रपट आहे. एक वास्तुशिल्पी सुरेख इमारतीचे चित्र घेऊन कचेऱ्यांतून फिरतो; प्रत्येक कचेरीत तिच्यावरचा एकेक अलंकार उतरतो, आणि शेवटी उरलेला नागडा ठोकळा सैन्यासारखा साऱ्या पृथ्वीवर चालत सुटतो. एकसारख्या घरांवर साहित्यिकांना जे म्हणायचे असते ते सारे या पाच मिनिटांत म्हणून झाले आहे. एवढेच म्हणायचे असते तर चित्रपट तेथेच संपायला हरकत नव्हती.

परंतु तो पुढे तीन तास चालतो. मॉस्कोतला डॉक्टर झेन्या लुकाशिन वर्षाच्या शेवटच्या दिवशी मित्रांबरोबर स्नानगृहात दारू पितो, आणि शुद्ध हरपलेल्या अवस्थेत चुकीने लेनिनग्राडच्या विमानात जाऊन पडतो. तेथे टॅक्सीवाल्याला तो आपला पत्ता सांगतो: बांधकाम कामगारांचा तिसरा रस्ता, घर क्रमांक २५, खोली क्रमांक १२. तो रस्ता लेनिनग्राडमध्येही आहे. ती इमारतही आहे. त्याच्या किल्लीने कुलूपही उघडते. आत सामानसुद्धा तेच. तो झोपतो, आणि घराची मालकीण येते. गंमत अशी, की चित्रपटात मॉस्कोची आणि लेनिनग्राडची म्हणून दाखवलेल्या दोन्ही इमारती प्रत्यक्षात मॉस्कोतल्याच होत्या, आणि कुणाला शंका आली नाही. ही घरे ख्रुश्चेव्हच्या काळातल्या पाच मजली घरांच्या पुढच्या पिढीतली, अधिक उंच. परंतु कुळ एकच.

या चित्रपटाला एकसारखेपणावरचा उपहास समजणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. उपहास प्रस्तावनेत आहे. कथा त्या प्रस्तावनेला खोडून काढते. कुलूप निराळे असते तर झेन्या दारातच पडून राहिला असता आणि कथाच घडली नसती. तीच भिंत, तेच कपाट, तीच किल्ली. आणि तरीही आत जी बाई राहते ती दुसरी कुणी नसून नाद्या शेवेल्योवाच आहे. सगळे सारखे केल्यावरच जे सारखे नाही ते डोळ्यांत भरते. रियाझानोव्हने जणू एक प्रयोग मांडला आहे: घराच्या वेगळेपणातून येणारा माणसाचा वेगळेपणा वजा करा, आणि मग काय उरते ते पाहा. उरते ते असे: या दोन घरांत गिटार वाजते, आणि तिच्यावर त्स्वेतायेवा, पास्तरनाक, अखमादुलिना यांच्या कविता गायल्या जातात. एकाच कारखान्याच्या कपाटाशेजारी बसून माणसे जे गातात ते कारखान्यातले नाही.

नाद्या भाषेची शिक्षिका आहे, म्हणून तिच्याविषयी माझा थोडा पक्षपात होत असेल. परंतु 'माझे घर' या विषयावरचे निबंध मी वर्षानुवर्षे तपासत आले आहे, आणि माझा अनुभव रियाझानोव्हच्या बाजूचा आहे. एकाच वसाहतीतल्या, एकाच मापाच्या खोल्यांत राहणारी चाळीस मुले चाळीस घरे लिहितात. एकाचे घर म्हणजे आजीची खाट, दुसरीचे म्हणजे खिडकीतला तुळशीचा डबा. कौलारू घर, पुढे अंगण, मागे विहीर असा जो निबंध येतो, तो मात्र चाळीसही वह्यांत सारखाच असतो. कारण तो मार्गदर्शकातून आलेला असतो! साचा कुठे आहे ते यावरून समजावे.

चित्रपटाने एक दुखरी गोष्टही लपवलेली नाही. झेन्या छत्तिशीचा आहे आणि नव्या घरातही तो आईबरोबरच राहतो. त्याला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला एक संध्याकाळ एकांत मिळावा म्हणून आई आपल्या मैत्रिणीकडे निघून जाते. कारखान्याने कुटुंबाला दार दिले. माणसाला अजून दिलेले नव्हते. मुंबईत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना यावर टीप लागणार नाही.

याच पाच-सहा चौरस मीटरांच्या स्वयंपाकघराने आणखी एक काम केले, आणि ते करण्याचा सरकारचा हेतू मुळीच नव्हता. सामाईक स्वयंपाकघरात शेजारी ऐकत असे, आणि शेजारी कुणाला सांगेल याचा नेम नसे. नव्या घरात दार लोटले, की चार मित्र टेबलाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसत. ओकुद्झावा, गालिच, विसोत्स्की यांची गाणी अशा बैठकांतून आणि टेपरेकॉर्डरच्या फितींतून घरोघर गेली. न छापलेल्या कवितांच्या टंकलिखित प्रती हातोहात फिरल्या. 'स्वयंपाकघरातल्या गप्पा' हा रशियाच्या वैचारिक इतिहासातला एक स्वतंत्र अध्याय मानला जातो. भिंती पातळ होत्या, हे खरे. पण त्या होत्या. साच्यातले घर साच्यातली माणसे घडवते, या सिद्धान्ताला याहून मोठा धक्का कोणता देता येईल? ज्या राज्याने घरे एका मापाने कापली, त्याच राज्याच्या मापात न बसणारे वाङ्मय त्या घरांत वाढले.

म्हणजे या घरांत दोष नव्हते की काय? होते, आणि ते भयंकरही ठरले आहेत. मात्र ते भिंत एकसारखी असल्यामुळे आलेले नाहीत. तयार भिंतींच्या घराचा प्राण सांध्यात असतो. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधल्या 'रोनन पॉइंट' या बावीस मजली नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत बाहेर फेकली गेली, आणि तिच्या आधाराने उभा असलेला सबंध कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसे मेली. भिंती शाबूत होत्या. त्यांना बांधून ठेवणारे काही पुरेसे नव्हते.

व्हेरा खितिलोवा या दिग्दर्शिकेचा १९७९ चा 'पॅनेलस्टोरी' हा चेक चित्रपट मला म्हणूनच या विषयावरचा सर्वांत समंजस चित्रपट वाटतो. प्रागच्या दक्षिणेला उभ्या राहत असलेल्या प्रचंड वसाहतीत तो चित्रित झाला. चहूकडे चिखल, उघडे चर, डोक्यावर याऱ्या. माणसे राहायला आली आहेत आणि रस्ते अजून यायचे आहेत. खेड्यातून मुलीकडे राहायला आलेला एक म्हातारा आपले घर शोधत हिंडतो. तो दिसेल त्याच्याशी बोलतो, खेड्यात बोलतात तसे. आणि लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. वरवर पाहता ही तीच जुनी तक्रार आहे: सारखी घरे, हरवलेला माणूस. पण खितिलोवाचा कॅमेरा घराकडे रोखलेला नाही. घर आणि घर यांच्यामध्ये जे असायला हवे आणि नाही, त्याच्याकडे रोखलेला आहे. दुकान नाही, पायवाट नाही, पोरांना खेळायला जागा नाही, बाकडे नाही. कारखाना भिंती देतो. अंगण काही कारखान्यातून येत नाही. तेवढ्यासाठी कुणाचे नाव ठरावात घातलेले नसते. इथेही निखळला आहे तो सांधाच. राज्यकर्त्यांना हा चित्रपट रुचला नाही, यात नवल नाही.

रशियातल्या त्या घरांची पुढची कथाही बोलकी आहे. २०१७ साली मॉस्कोच्या महापालिकेने अशा पाच हजारांहून अधिक जुन्या इमारती पाडण्याची योजना आखली. तिच्या कक्षेत सुमारे दहा लाख माणसे येत होती. अनेकांनी तिचे स्वागत केले. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात हजारो लोक रस्त्यावर आले, आणि ते आपली 'ख्रुश्चोबा' वाचवण्यासाठी आले होते! साठ वर्षांत इमारतींच्या मधली झाडे छपरांच्या वर गेली होती. ज्याची टिंगल केली, ते माणसांनी राहून राहून घर केले होते. कारखान्याला त्याचे श्रेय नाही. पण कारखान्याने ते आडवलेही नव्हते.

ही सारी चर्चा परक्या देशांची म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आता आपल्याला उरलेली नाही. २०२२ साली सिडकोने नव्या मुंबईत बामणडोंगरी येथे ९६ सदनिकांची बारा मजली इमारत तयार भिंतींच्या पद्धतीने ९६ दिवसांत उभी केली. अशी घरे आपल्याकडे यापुढे वाढत जाणार. त्यांत जी माणसे येतील ती कुठल्या तरी दहा बाय दहाच्या खोलीतून, कुठल्या तरी भाड्याच्या वा पागडीच्या जागेतून येतील; सोडतीच्या यादीत नाव शोधताना त्यांचे डोळे दुखले असतील. त्यांच्याविषयीची आपली टीका मात्र आधीच लिहून तयार आहे: काँक्रीटचे जंगल, खुराडी, हरवलेला शेजार. ही टीकाही साच्यातूनच ओतलेली आहे, आणि नेऊन बसवायला ९६ दिवससुद्धा लागत नाहीत.

मराठी कादंबरीने चाळ पाहिली, वाडा पाहिला, झोपडपट्टीही पाहिली. या नव्या घरांकडे तिने तीन प्रश्न घेऊन जावे, असे मला वाटते. किल्ली कुणाच्या हातात आहे? दार लोटल्यावर आत काय बोलले जाते, विशेषतः ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा दार लोटता आले तिच्याकडून? आणि दोन इमारतींच्या मध्ये काय आहे, वाट की चिखल? या तीन प्रश्नांत तीन चांगल्या कादंबऱ्या आहेत. भिंत शेजारच्या भिंतीसारखीच आहे, या शोधात एकही नाही.